माझ्या समक्ष

ड्रेस्लर अँड सन या ट्रॅक्टरच्या दुकानात जुना पिकअप विकायला निघालेला माणूस घरूनच सही करून आला, की त्याचा दिवस वाया गेला म्हणून समजा. आमच्या ओहायोत गाडीच्या मालकीच्या कागदावर सही करायची ती नोटरीसमोर. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरीही दर आठवड्याला एखादा शहाणा आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, छान वळणदार सही ठोकून येतो. का, तर वेळ वाचावा म्हणून. दुकानातली नोटरी नोरीन हॉस्टेटर तो कागद त्याच्याकडे फिरवायची आणि विचारायची, ही कधी केली? काल, असं तो म्हणायचा. तेव्हा मी कुठे होते, असं ती विचारायची. तो हसायचा, ती हसायची नाही. मग तो बापडा बारा मैलांवरच्या काउंटीच्या कचेरीत नवा कागद काढायला जायचा, आणि जाता जाता लॉनीला, म्हणजे दुकानातल्या विक्रीवाल्याला, सांगून जायचा की ही बाई चर्चमध्ये पाद्र्याकडेही ओळखपत्र मागेल.

पाद्र्याकडे तिने मागितलं होतंच. त्याने जुनी व्हॅन विकली तेव्हा. नवऱ्याच्या चुलतभावाकडेही मागितलं होतं, तेही त्याच्या घरी पोटभर जेवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी. बाई तशी मायाळू, दुकानातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला केक करून आणणारी. पण शिक्क्याची गोष्ट निघाली की कुणाच्या बापाची नाही.

नोकर ती ड्रेस्लरांचीच. सव्वीस वर्षं फोन घेत होती, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची बिलं काढत होती, गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकत होती, आणि मधूनमधून नोटरी म्हणून शिक्का मारत होती. दर पाच वर्षांनी राज्याची फी दुकान भरायचं, शिक्काही दुकानानंच घेऊन दिलेला. त्यामुळे मालकाची, म्हणजे कर्क ड्रेस्लरची, समजूत अशी की दुकानात जसं टायरमध्ये हवा भरायचं यंत्र आहे तशी एक नोटरीही आहे. नोरीनची समजूत वेगळी होती. ती बोलून दाखवायची वेळ सव्वीस वर्षांत आली नव्हती, इतकंच.

आली ती मार्चमधल्या एका गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमाराला. बाहेर आवारात बर्फाचा चिखल झाला होता आणि कर्क ओल्या बुटांनिशी थेट तिच्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि एक कागद टेबलावर ठेवला. दुकानाखालची दोन एकर जमीन त्याचा बाप वॉल्टर वारला तेव्हापासून आईच्या, आर्डिथबाईंच्या, नावावर होती. त्या जमिनीवरचा हक्क आपण मुलाला देऊन टाकतो आहोत, असं त्या कागदात लिहिलेलं होतं. खाली सही होती, गोल आणि ठसठशीत. त्याखाली नोटरीचा मजकूर: आज रोजी माझ्या समक्ष आर्डिथ ड्रेस्लर हजर झाल्या आणि ही सही आपली असल्याचं त्यांनी कबूल केलं. तेवढी जागा मोकळी होती.

कर्क म्हणाला, आईनं घरीच सही केलीय, तिचं कंबरेचं दुखणं तुला माहीत आहे, या बर्फात तिला कुठे बाहेर काढू, तू मारून टाक. उद्या दहा वाजता ट्रॅक्टर कंपनीची माणसं येणार होती. एजन्सी देणार होती, पण जमीन दुकानदाराच्याच नावावर पाहिजे ही त्यांची अट. नाहीतर एजन्सी शेजारच्या काउंटीत जाणार, हे ठरलेलं. कर्क दोन वर्षं त्या एजन्सीच्या मागे लागला होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

नोरीननं सही पाहिली आणि तिला कळलं. आर्डिथबाईंची नव्हे ती. पण हे ती बोलली नाही, आणि इथेच तिच्या धंद्याची खरी मजा आहे. नोटरीला कुणाला खोटारडा म्हणावं लागत नाही. सही खरी की खोटी, पोरगा चांगला की वाईट, यात तिला पडायचंच नसतं. समक्ष की असमक्ष, एवढंच तिला पाहायचं. मालकाला तोंडावर चोर म्हणायचं नोरीनला कधीच जमलं नसतं. आई कुठे आहे हे विचारणं मात्र तिला व्यवस्थित जमत होतं.

म्हणून ती म्हणाली, हरकत नाही, घरी केलेली असली तरी चालेल. हा काही गाडीचा कागद नव्हे. आर्डिथबाईंनी माझ्यासमोर येऊन नुसतं म्हणावं की सही माझी आहे आणि माझ्या मर्जीनं केली आहे. त्यांना यायला नको, मीच जाते. वीस मिनिटांचा रस्ता. अकराच्या आत कागद तुझ्या हातात.

कर्क नको म्हणाला. मग आईला त्रास नको म्हणाला. मग तू तिला सव्वीस वर्षं ओळखतेस, तुझा माझ्यावर भरवसा नाही का, असं म्हणाला. नोरीन म्हणाली की भरवसा आहे, पण भरवशाला त्या कागदावर जागा नाही. तेव्हा त्याचा आवाज चढला. बाहेर लॉनीनं उगाचच एका ट्रॅक्टरची टाकी पुसायला घेतली.

"फी कोण भरतं तुझी?" कर्क म्हणाला. "शिक्का कुणी आणून दिला? मी सांगतो तिथं मारायला दिलाय ना तो?"

नोरीननं कागद त्याच्याकडे फिरवला. कर्क म्हणाला, मग तुझं इथं काय काम आहे? आत्ताच्या आत्ता सामान आवर आणि नीघ. लॉनीची बायको होईल नोटरी, पंधरा दिवसांत होईल.

आता ही नोकरी जाणं नोरीनला परवडणारं नव्हतं. तिचा नवरा डेल सिरॅमिकच्या कारखान्यात पस्तीस वर्षं धूळ खाऊन घरी बसला होता. त्याच्या फुप्फुसांची चाळण झाली होती, नाकाशी सतत प्राणवायूची नळी. त्याच्या उपचाराचा सगळा विमा नोरीनच्या या नोकरीवर. नोकरी गेली तर डेलचं काय, हा प्रश्न त्या घरात कुणी मोठ्यानं विचारतही नसे. हे कर्कला माहीत होतं. हा विमा बंद पडू नये म्हणून त्यानंच मागच्या वर्षी विमा कंपनीच्या कार्यालयात चार हेलपाटे घातले होते. वाईट माणूस नव्हताच तो. पण घाबरलेला माणूस समोर कोण आहे ते पाहत नाही.

नोरीननं कप, फुलदाणी आणि डेलचा फोटो पिशवीत टाकला. मग खालच्या खणाचं कुलूप काढून शिक्का आणि नोंदवही घेतली.

"ते ठेव," कर्क म्हणाला. "ते दुकानाचं आहे."

"रबर तुझं आहे," नोरीन म्हणाली. "रबराचे पैसे पगारातून कापून घे. पण त्यावर नाव माझं आहे, आणि त्या नावाला अधिकार राज्यानं दिलाय, तू नाही दिलेला. मी जाईन तिथं तो येणार. विश्वास नसेल तर वकिलाला फोन लाव, मी थांबते."

त्यानं फोन लावला नाही. नोरीन कोट घालून ताठ मानेनं बाहेर पडली. आवारातल्या चिखलात घसरू नये म्हणून तेवढी जपून चालली.

घरी डेल खिडकीशी बसला होता. दहा वाजताच बायको दारात बघून त्यानं भुवया वर केल्या. तिनं सांगितलं की नोकरी गेली. कागदाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. गिऱ्हाइकाचं कागदपत्र घरी बोलायचं नाही हा तिचा नेम, आणि गिऱ्हाईक मालक असला म्हणून नेम बदलत नाही.

"शिक्क्यावरून?" डेलनं विचारलं.

"शिक्क्यावरून."

डेलनं थोडा श्वास गोळा केला आणि म्हणाला, मग बस, बीन्सचं सूप गरम आहे. नोरीन सूप खायला बसली आणि तिसऱ्या घासाला तिला रडू आलं. भीती वाटली तिला. विम्याचे कागद काढून ती दुपारभर वाचत बसली आणि विमा महिनाअखेरीपर्यंतच चालेल ही ओळ तिला तीन वेळा सापडली. आपलं चुकलं असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

इकडे कर्क तोच कागद घेऊन बँकेत गेला. बँकेतली नोटरी टॅमी ही पोरगी नोरीनच्याच हाताखाली शिकलेली, चर्चच्या तळघरात तिच्याबरोबर शनिवारी बसून. टॅमीनं कागद वाचला, मान वर केली आणि गोड आवाजात विचारलं, आई गाडीत बसल्यात का? कर्क तसाच बाहेर आला. विम्याच्या एजंटाकडची नोटरीही नोरीनचीच शिष्या, म्हणून तिथं तो गेलाच नाही. आमच्या मार्ल क्रीक गावात नोरीन सोडून नोटरी पाच, आणि पाचही जणींना एकाच बाईनं घडवलेलं. बिचारा जाणार कुठे?

शुक्रवारी सकाळी सात वाजता नोरीनच्या घरचा फोन वाजला. आर्डिथबाई होत्या. वय ब्याऐंशी, पण फोनवर अजून दुकानातल्यासारख्याच बोलायच्या, कामाचं तेवढंच.

"मला नोटरी पाहिजे," त्या म्हणाल्या. "साडेनऊ वाजता, दुकानात. येशील?"

नोरीन म्हणाली, मी आता तिथं कामाला नाही. आर्डिथबाई म्हणाल्या की ते त्यांना कळलंय, पण त्यांना दुकानाची नोकर नको होती, नोटरी पाहिजे होती. नोरीन म्हणाली, तुम्हाला त्रास नको, मी घरी येते. त्यावर त्या म्हणाल्या, "कागदावर हजर झाल्या असं लिहितात ना? मग मी हजर होणार."

साडेनऊला नोरीन पोचली तेव्हा आर्डिथबाई आधीच येऊन बसल्या होत्या. रविवारचा निळा कोट, चालायचा वॉकर बाजूला, बुटांना बर्फाचा चिखल. लॉनीनं त्यांना गाडीपासून दारापर्यंत जवळजवळ उचलूनच आणलं होतं. कंपनीची दोन माणसं वेळेच्या आधीच येऊन डोनट खात उभी होती. कर्क भिंतीला टेकून उभा होता, रात्रभर न झोपलेल्या माणसासारखा. त्याच्या हातात जमिनीचा नवा कागद होता. सहीची जागा रिकामी.

त्यानं नोरीनकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. नोरीननं कोट काढला नाही. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसून तिनं पिशवीतून शिक्का आणि नोंदवही काढली आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं की सही करणारी व्यक्ती सोडून सगळ्यांनी बाहेर जायचं. कंपनीच्या माणसांनी कर्ककडे पाहिलं. कर्क बाहेर गेला, त्याच्यामागून ती दोघं आणि लॉनीही गेले. काचेच्या दारापलीकडे चौघं थंडीत हात चोळत उभे राहिले.

नोरीननं लायसन्स मागितलं. आर्डिथबाईंनी ते आधीच काढून ठेवलं होतं.

"काल संध्याकाळी आला तो," आर्डिथबाई म्हणाल्या. "दीड तास रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलला. मग पहिला कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, आई, ही सही मी केली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही करायचा तो माझी सही. मला माहीत होतं. तेव्हाच कान पिळायला हवा होता."

नोरीननं लायसन्सवरचा फोटो पाहिला आणि ते परत दिलं.

"तुला काय वाटतं? करू सही?"

"मी वकील नाही," नोरीन म्हणाली. "मला मत नाही."

"तुला मत आहे."

"आहे. पण ते घेऊन मी इथं बसलेले नाही. कागद तुम्ही वाचलात का? समजला का? कुणी दडपण आणलंय का? एवढंच विचारायला बसले आहे."

आर्डिथबाईंनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, ओळीवर बोट फिरवत. बाहेर कंपनीच्या एका माणसानं घड्याळ पाहिलं. मग त्या बोलल्या, नोरीनशी कमी आणि कागदाशीच जास्त. वॉल्टर गेला त्याच वर्षी जमीन कर्कला द्यायचं त्यांनी मनात ठरवलं होतं. तो विचारेल मग देऊ, म्हणून थांबल्या. आई नाही म्हणेल या भीतीनं तो विचारेना. नऊ वर्षं दर रविवारी दोघं एका टेबलावर जेवले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून उठले.

"काल त्यानं विचारलं," त्या म्हणाल्या. "रडत विचारलं. मी म्हटलं, उत्तर नोरीनसमोर देईन. जळू दे त्याला एक रात्र. तेवढा माझा हक्क आहे की नाही?"

"आहे," नोरीन म्हणाली. हे मात्र तिचं मत होतं.

आर्डिथबाईंनी पेन उचललं. बोटं सांध्यांपाशी सुजून वाकडी झालेली. पेन अंगठ्याच्या बेचक्यात धरून, दुसऱ्या हातानं मनगट दाबून त्या सही करू लागल्या. एक अक्षर काढायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. नोरीननं मदतीला हात पुढे केला नाही. तो करायचा नसतो. सहीला चार मिनिटं लागली. झाली तेव्हा ती कागदावर मुंग्या पळाव्यात तशी दिसत होती, ओळ सोडून खाली उतरलेली.

"ही सही तुमची?" नोरीननं विचारलं.

"माझी."

"तुमच्या मर्जीनं केलीत?"

"माझ्या मर्जीनं. आता बोलाव त्याला."

कर्क आत आला. त्यानं पहिल्यांदा आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे. सही झालेली पाहून त्याचे खांदे खाली आले. आणि मग तो तसाच वाकून पाहत राहिला. नऊ वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो कागद समोर होता आणि त्याचं लक्ष त्यातल्या मजकुराकडे नव्हतंच.

"आई," तो म्हणाला, "ही तुझी सही?"

"तीन वर्षं झाली. हात असाच झालाय."

कर्कनं केलेली सही कशी होती ते तुम्हाला आठवतच असेल. गोल आणि ठसठशीत. त्याला आईची तेवढीच सही ठाऊक होती, प्रगतिपुस्तकावरची. त्यानंतर आईचा हात त्यानं नीट पाहिलाच नव्हता; नोरीननं पाहिला होता. एवढा मोठा, अठ्ठेचाळीस वर्षांचा दांडगा माणूस आईच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला आणि ती वाकडी बोटं त्यानं दोन्ही हातांत धरली. आर्डिथबाईंनी त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. बाहेर कंपनीच्या माणसांनी शहाणपणानं पाठ फिरवली.

नोरीननं त्यांना वेळ दिला. मग मजकुरात तारीख भरली, आपली सही केली, शिक्का दाबून उचलला आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला. नोंदवहीत एक ओळ लिहून आर्डिथबाईंकडून तिथंही सही घेतली. ती एवढी वाकडी नव्हती. हाताला सराव झाला होता.

"पाच डॉलर," ती कर्कला म्हणाली.

"काय?"

"राज्याचा दर. नोकर होते तोवर फुकट होतं. कालपासून मी नोकर नाही."

आर्डिथबाई खुदकन हसल्या. कर्क उठला, डोळे बाहीला पुसले, पाकीट काढलं आणि पाचाची नोट टेबलावर ठेवली. मग तो नुसताच उभा राहिला. कागद घेऊन बाहेर जावं की न जावं हे त्याला कळेना.

"तुझं टेबल तसंच आहे," तो शेवटी म्हणाला. "विम्याचं मी काही कळवलेलं नाही. म्हणजे, तू सोमवारपासून..."

"कर्क," नोरीन म्हणाली, "विचार."

"अं?"

"कालपासून विचारायला शिकला आहेस ना? मग मलाही विचार. नीट विचार."

दार उघडंच होतं. लॉनी ऐकत होता, कंपनीची माणसं ऐकत होती, आई बघत होती. कर्क लाल झाला.

"नोरीन," तो म्हणाला, "मी चुकलो. परत कामाला येशील का?"

घाई नव्हती तिला. तिनं नोट घडी करून नोंदवहीत ठेवली, शिक्क्याला टोपण लावलं, तो आपल्या पिशवीत टाकला. मग उठून कोट काढला.

"येईन," ती म्हणाली, आणि मघापासून कुणीच न उचललेला दुकानाचा फोन तिनं उचलला.